लाईट येते, पाय उठतो, पण डिस्क माउंट होत नाही: लिनक्समधलं आपोआप माउंट

काजूगर, देवगड

आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये रास्पबेरी पाय ४ (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') आहे. त्याला ४ टीबीची अडीच इंची यूएसबी डिस्क, त्यावर चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. घरी नॅस (नेटवर्कवरून वापरायचा फाइलींचा साठा) आहे. तो शेडपासून दीड किलोमीटरवर, वायरलेस लिंकवर. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या डिरेक्टरीवर जोडायची (माउंट करायची) त्या यादीत, दोन ओळी, एक डिस्कची आणि दुसरी एनएफएसने नेटवर्कवरून येणाऱ्या नॅसची (कमांडी आणि पाथ उच्चाराप्रमाणे लिहितोय, टंकताना रोमनात टंकायचं):

/डेव्ह/एसडीए१ /एसआरव्ही/कॅमेरा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स ० ०
१९२.१६८.१०.५:/आंबा /नॅस/आंबा एनएफएस डिफॉल्ट्स ० ०

पाऊस लागल्यापासून लाईट दिवसातून तीन-चारदा जाते. परत आली की तीनपैकी एक होतं. कधी पाय इमर्जन्सी मोडमध्ये जातो (बूट अर्ध्यात थांबतं) आणि एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत शिरता येत नाही. कधी नीट उठतो, पण /एसआरव्ही/कॅमेरा रिकामं असतं. कधी दोन्ही दिसतात, पण डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारलं की टर्मिनल गोठतं. काल एसडी कार्डच १०० टक्के भरलं. कर्नल (लिनक्सचा गाभा) आपोआप माउंट करत नाही म्हणजे नेमकं काय बिघडतंय?

गजालकार, मालवण

आधी लॉग दाखय, गजाली मगे. डीमेसेज -टी, एलएसबीएलके -एफ, फाइंडमाउंट, आणि जर्नलसीटीएल -बी -१. मागच्या बूटचा लॉग मिळाला नाही तर /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये स्टोरेज=पर्सिस्टंट कर. पायवर जर्नल बऱ्याचदा रॅममध्येच असतं, लाईटीबरोबर तेही जातं.

खाडीपलीकडे, गुहागर

लॉग येईपर्यंत एक गोष्ट स्पष्ट करू, नाहीतर पन्नास प्रतिसादांनंतरही गोंधळ तसाच राहील. "कर्नल माउंट करत नाही" ही तक्रारच चुकीच्या दारात उभी आहे. कर्नल बूटच्या वेळी स्वतःहून रूट फाइलसिस्टम माउंट करतं, तेही कमांड लाईनवर रूट= दिलेलं असतं म्हणून, आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये चढणारी छोटी फाइलसिस्टम) असेल तर तेही काम तोच करतो. बाकी सगळं यूजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांतून) कुणीतरी सांगतं, मगच कर्नल करतं. हा "कुणीतरी" चारपैकी एक असतो. एफएसटॅब वाचून युनिटं (एकेका कामाची नोंद) बनवणारं सिस्टमडी (बूटपासून सगळ्या सेवा चालवणारा प्रोग्राम), ऑटोएफएसचा ऑटोमाउंट डेमन (मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम), डेस्कटॉपवर यूडिस्क्स (पेनड्राइव्ह लावला की /मीडिया किंवा /रन/मीडिया खाली दिसतो तो याच्यामुळे), नाहीतर कुणीतरी लिहून ठेवलेली यूडेव्ह रूल किंवा क्रॉन. तुझ्याकडे पहिला आहे. म्हणजे चौकशी सिस्टमडीकडे करायची.

रूटच माउंट होत नसेल तर तो वेगळा आजार. "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक" या ओळीतले कंसातले आकडे बघायचे. (०,०) असेल तर कर्नलला डिव्हाइसच सापडलं नाही: ड्रायव्हर नाही, इनिटरॅमएफएस लोड झाला नाही किंवा रूट= चुकलं. (८,१) सारखं काही असेल तर डिस्क दिसली, पण तिच्यावरची फाइलसिस्टम कळली नाही. यूएसबीवर रूट असेल तर रूटवेट हवंच, कारण यूएसबी आपल्या सवडीने येते. आणि इनिटरॅमएफएस नसताना रूट=यूयूआयडी चालत नाही, पार्टयूयूआयडी चालतं. फाइलसिस्टमच्या आतलं यूयूआयडी (ओळख क्रमांक) वाचणं कर्नलला स्वतःला येत नाही.

जांभा, राजापूर

थोडी दुरुस्ती, भाऊ. कर्नल /डेव्ह वर डेव्हटीएमपीएफएससुद्धा स्वतः बसवू शकतं. एनएफएसमध्ये सर्वरवर एका एक्स्पोर्टच्या पोटात दुसरी फाइलसिस्टम असेल तर क्लायंटचं कर्नल आत शिरताना ती स्वतः माउंट करतं आणि न वापरल्यास काही वेळाने काढून टाकतं. एफएसटॅबमध्ये नसलेले एनएफएस माउंट फाइंडमाउंटमध्ये दिसले तर घाबरायचं नाही ते त्यामुळे.

बाकी मुद्दा खरा. कर्नलमधल्या ऑटोएफएसचं काम फक्त अडवून धरण्याचं आहे. कुणी त्या डिरेक्टरीत शिरलं की कर्नल त्या प्रोसेसला झोपवतं, पाइपमधून डेमनला निरोप देतं, डेमन माउंट करून "झालं" किंवा "जमलं नाही" असं उत्तर देतो, मग झोपलेली प्रोसेस जागी होते. सिस्टमडीचं ऑटोमाउंट युनिट हेच कर्नल मॉड्यूल वापरतं. मॉड्यूलचं नाव पूर्वी ऑटोएफएस४ होतं. ४.१८ कर्नलपासून सोर्समध्ये ते ऑटोएफएस झालं. हाताने कर्नल बनवणाऱ्यांचं जुनं कॉन्फिग इथे घसरतं.

काजूगर, देवगड

लॉगमधलं कामाचं तेवढं:

"अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड!" चार वेळा.
"यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ३", मग सात सेकंदांनी तीच डिस्क नंबर ५ म्हणून परत.
"टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस /डेव्ह/एसडीए१", त्याखाली "डिपेन्डन्सी फेल्ड फॉर लोकल फाइल सिस्टम्स".
दुसऱ्या एका बूटला एलएसबीएलके: एसडीए म्हणजे बिलांचा पेनड्राइव्ह, एसडीबी म्हणजे डिस्क.

भरतीओहोटी, हर्णे

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी वीज बघा. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटीच त्यातला मोठा वाटा खाते. वर पेनड्राइव्ह. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ती अंडर-व्होल्टेजची ओळ येते. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड मारा. ०एक्स५०००० आलं तर बूटनंतर कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, ०एक्स५०००५ आलं तर आत्ता या क्षणी पडलेलं आहे. डिस्क स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या यूएसबी हबवर टाका, आणि पायला फोनचा चार्जर नको, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचाच हवा. हब असा घ्या की तो पायला उलटा करंट पुरवणार नाही. पायचा स्वतःचा चार्जर काढल्यावरही त्याचा लाल दिवा मिणमिणत राहिला तर समजा पुरवतोय.

दुसरं, आपल्याकडचा खारा वारा. डिस्कच्या बाजूचा कनेक्टर काढून टॉर्चने बघा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, नाहीतर सरळ नवी केबल. चार महिने बंद असलेल्या शेडमध्ये हे हमखास. डिस्कनेक्ट होऊन परत येणं हे नव्वद टक्के वेळा केबल नाहीतर करंट, फाइलसिस्टम नव्हे.

एवढं करूनही तुटत असेल तर एलएसयूएसबी -टी मध्ये ड्रायव्हर यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत) आहे का बघा. काही स्वस्त डबीतली चिप यूएएसवर अडखळते. सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स= पुढे एलएसयूएसबीने दाखवलेला विक्रेता:उत्पादन क्रमांक आणि :यू असं जोडा. ती फाइल एकाच ओळीची असते. एंटर मारून दुसरी ओळ केलीत तर पुढचं वाचलंच जात नाही. वेग थोडा कमी होईल, कॅमेऱ्याला तेवढा पुरतो.

खाडीपलीकडे, गुहागर

आता ओळ. एसडीए, एसडीबी ही नावं पोर्टावर लिहिलेली नसतात, जो आधी आला तो एसडीए. बीएलकेआयडीने यूयूआयडी काढ आणि:

यूयूआयडी=तुझं-यूयूआयडी /एसआरव्ही/कॅमेरा ईएक्सटी४ नोएटाइम,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३० ० २

नोफेल (डिस्क नसली तरी बूट पुढे जाऊ दे) नसेल तर सिस्टमडी डिस्कची ९० सेकंद वाट बघतं आणि मग अख्खं बूट इमर्जन्सीत टाकतं. पायवर रूटचा पासवर्ड सहसा लॉक असतो, म्हणून स्क्रीन-कीबोर्ड लावला तरी "रूट अकाउंट इज लॉक्ड" एवढंच दिसतं. तेव्हा कार्ड काढून दुसऱ्या लिनक्सवर लावायचं आणि एफएसटॅब तिथे दुरुस्त करायची. विंडोजवर फक्त बूटचं फॅट पार्टिशन दिसेल, रूट नाही.

शेवटचा २ महत्त्वाचा. तू ० ठेवला होतास, म्हणजे लाईट गेल्यावर एफएससीके (फाइलसिस्टमची तपासणी) कधीच होत नव्हतं. २ ठेवल्याने बूट फार लांबत नाही, जर्नल चालवून ते बहुतेक वेळा काही सेकंदांत मोकळं होतं.

बदलल्यावर फाइंडमाउंट --व्हेरिफाय, मग सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड. हे विसरलास तर पुढचं कोडं लागेल.

काजूगर, देवगड

कोडं लागलंच. हाताने माउंट मारलं, एरर शून्य, पण लगेच बघितलं तर माउंट नाही! तीनदा केलं. आणि कार्ड कशाने भरलंय ते डीयूला (फाइलींची जागा मोजणारी कमांड) सापडत नाही.

जांभा, राजापूर

माउंट झालं होतं, सिस्टमडीने लगेच काढलं. एफएसटॅबवरून बनलेलं माउंट युनिट डिव्हाइसला बांधलेलं असतं. डेमन-रीलोड केलं नाहीस, म्हणून त्याच्याकडे अजून जुनं /डेव्ह/एसडीए१ वालं युनिट होतं. त्याच्या लेखी डिव्हाइस नाहीच, मग माउंट तरी कशाला ठेवायचं. रीलोड कर, थांबेल. जर्नलमध्ये "अनमाउंटेड" अशी ओळ दिसेल.

कार्ड भरण्याचं कारण त्याच डिरेक्टरीखाली दडलंय. डिस्क नव्हती तेव्हा रेकॉर्डर रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे कार्डावर, लिहीत होता. नंतर डिस्क वर बसली आणि खालचं झाकलं गेलं. डीयू वरचं बघतो, डीएफ खालचंही मोजतो, म्हणून ताळमेळ बसत नाही. सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी कर, मग डीयू -एसएच /एमएनटी/एसआरव्ही/कॅमेरा. साध्या बाइंडमध्ये वरचे माउंट येत नाहीत, म्हणून खालचा खजिना दिसतो. हवं ते डिस्कवर हलव, बाकी पूस, मग यूमाउंट /एमएनटी. उलटं करू नकोस. बाइंड चालू असताना /एमएनटीवर सरसकट पुसलंस तर तो तुझा रूट आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून डिस्क उतरवलेली असताना रिकाम्या डिरेक्टरीवर सुडो सीएचअ‍ॅटर +आय /एसआरव्ही/कॅमेरा. मग रूटलाही तिथे फाइल बनवता येत नाही, वर माउंट मात्र होतं. ऑटोमाउंट असल्यावर कर्नल तसंही अडवतं, पण युनिट बंद पडलं तर हा दुसरा अडसर.

नारळीपोफळी, श्रीवर्धन

रेकॉर्डरच्या सर्व्हिसमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/कॅमेरा टाकलं की झालं की. एवढा खटाटोप कशाला?

खाडीपलीकडे, गुहागर

पुस्तकात बरोबर, शेडमध्ये अपुरं. डिस्क ३० सेकंदांत आली नाही तर सर्व्हिस "डिपेन्डन्सी" कारणाने पडते आणि अशा पडण्याला रीस्टार्ट= लागू होत नाही. म्हणजे डिस्क ४० व्या सेकंदाला आली तरी रेकॉर्डर झोपलेलाच. त्याऐवजी डिस्कच्या मुळाशी एक रिकामी फाइल ठेव, नाव समजा .डिस्क-आहे, आणि सर्व्हिसमध्ये:

एक्झेकस्टार्टप्री=/यूएसआर/बिन/टेस्ट -ई /एसआरव्ही/कॅमेरा/.डिस्क-आहे
रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=२०

टेस्टने डिरेक्टरीला हात लावला की ऑटोमाउंट जागं होतं. डिस्क नसेल तर टेस्ट फेल, वीस सेकंदांनी परत प्रयत्न. वीसपेक्षा फार कमी नको. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू व्हायचा प्रयत्न झाला की सिस्टमडी नाद सोडतं.

आणि इथे माउंटपॉइंट -क्यू वापरू नका. मोठमोठ्या स्क्रिप्टांत हीच चूक असते. ऑटोमाउंटचा सापळा हाच मुळात एक माउंट आहे, त्यामुळे डिस्क नसतानाही ते "हो" म्हणतं.

सुरंगी, वेंगुर्ला

एनएफएसचं मी घेते. लाईट आल्यावर पाय अर्ध्या मिनिटात उठतो, नॅस दोन-तीन मिनिटं घेतो, रेडिओ लिंक त्याच्या मधे कुठेतरी. म्हणजे बूटच्या वेळी माउंट करायला गेलात तर हरणारच. म्हणून गरज लागेल तेव्हा माउंट. एकच शेअर असेल तर ऑटोएफएस पॅकेज कशाला, एफएसटॅबच पुरे:

१९२.१६८.१०.५:/आंबा /नॅस/आंबा एनएफएस४ _नेटडेव्ह,नोफेल,हार्ड,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३०,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=१०मिन ० ०

बरेच जण सोबत नोऑटो लिहितात. ऑटोमाउंट असताना त्याचा परिणाम होत नाही, असू दे किंवा नसू दे. _नेटडेव्ह मात्र असू दे, एनएफएस नेटवर्कवरचं आहे हे सिस्टमडी प्रकारावरूनही ओळखतं तरी. त्याच्यामुळे बंद होताना आधी शेअर उतरतो, मग नेटवर्क जातं. नाहीतर शटडाउन अडकतं.

डीएफ गोठण्याचं कारण डीमेसेजमध्ये "नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग" म्हणून दिसेल. हार्ड माउंटवर क्लायंट सर्वर येईपर्यंत थांबतो. प्रोसेस पीएसमध्ये डी अवस्थेत दिसते. सॉफ्ट केलंत तर गोठणार नाही, पण लिहिणाऱ्या प्रोग्रामला मधेच इनपुट-आउटपुट एरर मिळेल आणि फाइल अर्धवट राहील. रेकॉर्डिंगला मी सॉफ्ट देणार नाही. तातडीने सुटायचं असेल तर यूमाउंट -एफ, नाही जमलं तर -एल. नुसती डिस्क बघायची तर डीएफ -एल, तो फक्त लोकल फाइलसिस्टमची यादी देतो.

आणि टाइमओ (उत्तराची वाट बघायची वेळ) सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. टाइमओ=६०० म्हणजे ६० सेकंद. दहा मिनिटं समजून लोक वाट बघत बसतात.

खरं सांगायचं तर पावसात दीड किलोमीटरच्या लिंकवर थेट लिहूच नका. डिस्कवर लिहा, रात्री आरसिंकने नॅसवर पाठवा.

गजालकार, मालवण

ह्या बरां. सुरंगीताई, माझ्याकडे वीसेक शेअर आहेत म्हणून ऑटोएफएस पॅकेजच आहे. एलएस /नॅस रिकामं येतं. बिघडलंय की असंच?

सुरंगी, वेंगुर्ला

असंच. इनडायरेक्ट मॅपमध्ये (एका डिरेक्टरीखालच्या शेअरांची यादी) नाव घेतल्याशिवाय डिरेक्टरी उगवत नाही. एलएस /नॅस/आंबा मारा, येईल. नावं आधीच दिसायला हवी असतील तर ऑटोएफएस.कॉन्फ मध्ये ब्राउझ_मोड=येस.

तरी आलं नाही तर सेवा थांबवून सुडो ऑटोमाउंट -एफ -व्ही -डी पुढ्यात चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलवरून एलएस मारा. तो काय वाचतो, कुठली कमांड मारतो, सगळं दिसतं. नेहमीच्या खोड्या मी क्रमाने बघते. मॅप फाइलला एक्झिक्यूट परवानगी लागली आहे का? असेल तर ऑटोएफएस तिला यादी न समजता प्रोग्राम समजून चालवायला जातो. सीएचमॉड ६४४. ऑटो.मास्टर.डी मधल्या फाइलचं नाव .ऑटोएफएसने संपतंय का? नसेल तर ती वाचलीच जात नाही. तीच जागा एफएसटॅबमध्येही आहे का? दोघं भांडतात. डायरेक्ट मॅप असेल तर मास्टरमध्ये /- हवं आणि मॅपमध्ये पूर्ण पाथ.

अजून एक. एकदा माउंट फसलं की डेमन ते ६० सेकंद लक्षात ठेवतो आणि तेवढ्यात परत मागितलं तर प्रयत्न न करताच नाही म्हणतो. नॅस उठल्या उठल्या "अजून येत नाही" वाटतं ते त्यामुळे. आणि शोमाउंट -ई रिकामं आलं म्हणून सर्वर मेला समजू नका. फक्त एनएफएस ४ चालवणारा सर्वर त्याला उत्तर देत नाही. टीसीपी २०४९ उघडं आहे का ते एनसी -झेडव्हीने बघा.

काजूगर, देवगड

डिस्क, हब, ओळी सगळं केलं. बाहेरून चालतं. पण रेकॉर्डर कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठी केलेल्या वेगळ्या कप्प्यात) आहे आणि आतून "टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स" येतं. एकही सिमलिंक नाहीये!

जांभा, राजापूर

सिमलिंकचा संबंध नाही, नाव फसवं आहे. कंटेनरला स्वतःची माउंट नेमस्पेस (माउंटची वेगळी यादी) असते. आतून हात लावला, कर्नलने सिस्टमडीला कळवलं, सिस्टमडीने बाहेर माउंट केलं, पण ते आत पोचलंच नाही. कर्नल बघतं की "झालं" म्हणतायत पण वर काहीच नाही, आणि तो एरर देतं. व्हॉल्यूमच्या शेवटी :आरस्लेव्ह लाव (/एसआरव्ही:/एसआरव्ही:आरस्लेव्ह), म्हणजे बाहेर झालेलं माउंट आत झिरपेल. वरची डिरेक्टरी द्यायची, माउंट होणारी नव्हे.

त्याच्या जोडीचा दुसरा एरर, "नो सच डिव्हाइस". ऑटोमाउंटवर तो आला तर माउंट करायचा प्रयत्न झाला आणि फसला. सिस्टमसीटीएल स्टेटस एसआरव्ही-कॅमेरा.माउंट बघ. पाथमध्ये आडवी रेघ असेल तर युनिटचं नाव हाताने लिहू नको, सिस्टमडी-एस्केप -पी --सफिक्स=माउंट ला पाथ दे. ऑटोमाउंट युनिटच्या स्टेटसमध्ये "माउंट-स्टार्ट-लिमिट-हिट" असेल तर घाईघाईत फार वेळा हात लागलाय. सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड, मग ऑटोमाउंट युनिट रीस्टार्ट.

नारळीपोफळी, श्रीवर्धन

जाता जाता. लॅपटॉपवर अपडेटनंतर पेनड्राइव्ह "अननोन फाइलसिस्टम टाइप एक्सफॅट" म्हणतोय, आणि विंडोजचं डी ड्राइव्ह तर उघडतच नाही.

खाडीपलीकडे, गुहागर

दोन वेगळे रोग. पहिला: यूनेम -आर आणि एलएस /लिब/मॉड्यूल्स जुळतात का? काही वितरणं नवं कर्नल टाकताना जुन्याची मॉड्यूल्स पुसतात. चालू जुनं, मॉड्यूल नव्याची, मग मॉडप्रोब करणार काय? रीबूट. कर्नल ५.७ च्या आधीचं असेल तर मात्र एक्सफॅटचं आजचं मॉड्यूल त्यात नाहीच, फ्यूजवालं (कर्नलबाहेर चालणारं) पॅकेज टाका.

दुसरा: डीमेसेजमध्ये "व्हॉल्यूम इज डर्टी" असेल. विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ, चेकडिस्क, पूर्ण शटडाउन. लिनक्सवरून एनटीएफएसफिक्स -डी ने तो झेंडा उतरतो, पण ती दुरुस्ती नव्हे. फोर्स लावून लिहायला जाऊ नका.

काजूगर, देवगड

आरस्लेव्हने झालं. सकाळपासून मेन स्विच सहा वेळा पाडला, सहाही वेळा डिस्क आली. एकदा केबल मुद्दाम काढून ठेवली. रेकॉर्डर दर वेळी फेल होऊन परत प्रयत्न करत राहिला, कार्डावर एक बाइटही गेला नाही. केबल लावल्यावर पुढच्या प्रयत्नाला आपसूक सुरू. नॅस उठेपर्यंत /नॅस/आंबा "नो सच डिव्हाइस" देतं, मग स्वतःच लागतं.

फक्त १० मिनिटांनी उतरायला हवं ते उतरत नाही.

सुरंगी, वेंगुर्ला

कुणीतरी सतत हात लावतंय. फ्यूजर -व्हीएम /नॅस/आंबा. उघडलेलं टर्मिनल तिथेच सीडी करून ठेवलेलं असतं बहुतेक वेळा. ते नसेल तर डिस्कची जागा मोजणारा एखादा मॉनिटर.

काजूगर, देवगड

टर्मिनलच होतं. माझंच.